अजब बंगल्याचं दप्तर 'अ' वर्गात ठेवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचं जुनं दप्तर जपण्याबाबत व लोकांना खुलं करण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

नागपुरात पोरांना 'मध्यवर्ती संग्रहालय' म्हटलेलं कळत नाही. 'अजब बंगला' म्हटलं की चपला घालून दारात उभी राहतात. सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना, १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आज तुमच्या खात्याकडे आहे, म्हणून पत्र तुम्हाला. नवी दालनं, नवे दिवे, मोबाइलवरचं मार्गदर्शन हे सगळं होवो. मला आज त्यातलं काही मागायचं नाही. मागायचं आहे ते वस्तूंच्या मागे असलेल्या कागदांसाठी : दाखल नोंदवह्या, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली पत्रं, वार्षिक अहवाल, काचेवरचे जुने फोटो, पावत्या.

ज्या वर्षी हे संग्रहालय सुरू झालं, त्याच वर्षी ४ सप्टेंबरला मिशनरी स्टीफन हिस्लॉप गेले. ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे, तेच. नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (गोल मांडलेले प्राचीन दगड) पाहून बोरीकडे घोड्यावरून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. गोंडांविषयीची त्यांची टिपणं, त्यांनी उतरवून घेतलेलं गोंडांच्या पुराणपुरुषाचं, लिंगोचं गाणं, सगळं हस्तलिखितात पडून होतं. टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापून घेतलं, म्हणून आज ते वाचता येतं. एका अधिकाऱ्याला कागदांची किंमत कळली, एवढीच ती गोष्ट. माझी अपेक्षाही तेवढीच आहे.

आता गुंगेरियाचं पाहा. आज मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यातल्या या गावी १८७० मध्ये गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीत तांब्याच्या वस्तू दिसल्या. खणल्यावर तांब्याच्या ४२४ आणि चांदीच्या पातळ पत्र्याच्या १०२ वस्तू निघाल्या. पुढे त्या वाटल्या गेल्या. काही नागपुरात राहिल्या, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. तांब्याची कुऱ्हाड स्वतः बोलत नाही. ती कुठल्या वाट्यातली, कोणी कोणाला पाठवली, हे नोंदवहीतली ओळ आणि तिच्यासोबतचं पत्र सांगतं. ती ओळ गेली तर उरतं तांब्याचं एक वजन.

आणि नागपूरची अडचण इतरांहून मोठी आहे. हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं. आजचा मध्य प्रदेश, छत्तीसगड, पुढे वऱ्हाड, सगळीकडून वस्तू इथे आल्या. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली आणि नागपूर मुंबई राज्यात आलं. आज तांब्याचा पत्रा इथे, तो सापडला ते शेत दुसऱ्या राज्यात आणि तो पाठवणाऱ्या कलेक्टरची कचेरी तिसऱ्याच ठिकाणी, असं होऊ शकतं. या तिघांना जोडणारा धागा म्हणजे संग्रहालयाचं दप्तर. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू सरकारला कळवावी लागे. त्यामुळे या पत्रव्यवहारात शेतकऱ्याचं नाव, गटाचं वर्णन, कधीकधी त्याला मिळालेलं बक्षीसही असतं. राजाचं नाव ताम्रपटावर कोरलेलं असतं. तो ताम्रपट नांगराच्या फाळाला लागलेला पहिल्यांदा ज्याने पाहिला, त्याचं नाव फक्त या पत्रांत.

मी एका जुन्या संग्रहालयात (नाव घेत नाही, गावही सांगत नाही) एका मडक्याचा माग काढायला गेलो होतो. मडक्याच्या बुडाला काळ्या शाईत बारीक आकडा होता. त्या आकड्याची वही मागितली. अर्ध्या तासाने एक भला माणूस ती घेऊन आला, लाल फडक्यात बांधलेली. गाठ सोडल्यावर टेबलावर पिवळा भुगा पडला. हवी ती दोन पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली. मी उजेडात धरून पाहिलं. पाठीमागच्या पानाची अक्षरं उलटी दिसत होती. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईत 'दोन नग, पैकी एक' एवढंच वाचता आलं. पुढचा शब्द 'गहाळ' की 'परत', ते त्या चिकटलेल्या पानातच राहिलं. तो माणूस म्हणाला, "साहेब, निर्लेखनाच्या यादीत होती ही वही, म्हणजे रद्दीतच जायची, मीच ठेवून घेतली." त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बढती तर नाहीच मिळाली.

म्हणून शीर्षकातली मागणी. सरकारी कचेरीत नस्त्या, म्हणजे फायली, अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'अ' म्हणजे कायम, 'ड' म्हणजे वर्ष सरलं की रद्दी. वर्ग ठरवणारा माणूस वाईट नसतो. त्याच्यासमोर १९२०चं 'दोन खोकी पाठवीत आहे' असं पत्र आलं, तर तो ते किरकोळ पत्रव्यवहारातच टाकणार. संग्रहालयाच्या बाबतीत मात्र नेमकी हीच किरकोळ पत्रं मोलाची. राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५चा आहे. त्याच्या आधाराने एक स्पष्ट शासन निर्णय काढा : संग्रहालयाच्या नोंदवह्या आणि वस्तूंविषयीचा सर्व पत्रव्यवहार 'अ' वर्गात, आणि अभिलेखतज्ज्ञाच्या सहीशिवाय एकही कागद निर्लेखित होणार नाही.

यासाठी नवं महामंडळ नको. संग्रहालयं आणि पुराभिलेख, दोन्ही संचालनालयं तुमच्याच खात्यात आहेत. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळणाऱ्यांना कसर आणि वाळवी कशी रोखायची हे नीट ठाऊक आहे. त्यांना महिनाभर नागपूरला पाठवा, बसू द्या.

स्कॅनिंगची मला घाई आहे, पण भीतीही आहे. केंद्राच्या संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' ही संगणक प्रणाली केली. तिचा भर वस्तूंवर आहे. मूर्तीचा फोटो चढतो, तिच्यामागची फाइल कपाटातच. दप्तर स्कॅन करायचं तर वहीचं पानन् पान, कोरी पानं आणि समासातल्या खुणांसकट व्हायला हवं. आणि एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या शहरात. २१ जून २०१२ला मंत्रालय पेटलं, तेव्हा जळालेल्या नस्त्या उभ्या करायला इतर कचेऱ्यांतल्या प्रती शोधाव्या लागल्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदवहीची दुसरी प्रत कोणत्या तहसिलीत शोधणार?

स्कॅन झाल्यावर ती पानं संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवा, अर्ज आणि शिफारसपत्र न मागता. गडचिरोलीच्या गोंड मुलीला आपल्या आजीच्या गावाहून कोणता दागिना, कोणी, कधी आणि काय देऊन नेला हे बघायचं असेल, तर तिने नागपूरला खेपा का घालाव्यात? त्या वहीवर पहिला हक्क तिचा आहे, माझा नंतर.

जुनी इंग्रजी लपेटीची अक्षरं वाचून टंकित करणं हे कटकटीचं काम आहे, हे मान्य. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने ते स्वयंसेवकांवर सोपवलं आणि लोक घरबसल्या करताहेत. नागपुरात निवृत्त शिक्षकांची वाण नाही. माझी शनिवारची सकाळ मोकळी असते, चष्म्याचा नंबरही नुकताच बदलून घेतलाय. पत्राला आवक क्रमांक पडला की तो कळवावा, ही विनंती.

आपला,
एक नागपूरकर