ढाक्याच्या सौद्याविषयी

इतवारी, नागपूर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

ढाक्याच्या नव्या गिऱ्हाइकाला सूत पाठवण्याविषयीचे तुझे पत्र वाचले. सौदा नको असे मी म्हणणार नाही, कारण तिथल्या कापड उद्योगाला आपल्या सुताची गरज आहे आणि सरकार बदलल्याने ती संपत नाही. पण जोखीम मोजताना तू केवळ दंगल आणि जाळपोळ धरली आहेस. मला काळजी वाटते ती मुदतींची.

जुलै २०२४ आठव. संचारबंदी लागली, इंटरनेट तुटले. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या आणि ८ तारखेला मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारचा शपथविधी झाला. अशा दिवसांत एलसीची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने पैशांसाठी दिलेल्या हमीपत्राची, मुदत संपली तर काय होते, हे नीट समजून घे. यूसीपी ६००, म्हणजे एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, ३६ व्या कलमानुसार दंगल, बंड किंवा संपामुळे काम थांबल्यास बँक जबाबदार नसते, आणि काम पुन्हा सुरू झाल्यावरही मधल्या काळात मुदत संपलेल्या एलसीवर ती पैसे देत नाही. गिऱ्हाईक प्रामाणिक, माल उत्तम, कागद बिनचूक, तरी हमी गेलेली! म्हणून एलसी बांगलादेशाबाहेरच्या भक्कम बँकेने कन्फर्म केलेलीच, म्हणजे तिने स्वतःचीही हमी जोडलेलीच, घे आणि मुदत ऐसपैस ठेव. तो खर्च दरात बसत नसेल, तर सौदा सोडून दे.

दुसरी गोष्ट मार्गाची. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमी बंदरांतून भारतीय सूत घेणे थांबवले, तेव्हा सीमेवरच्या बेनापोल नाक्याचा ट्रकमार्ग बंद होऊन समुद्रमार्गच उरला. असा हुकूम पुन्हा निघाल्यास वाढीव भाडे कोणी सोसायचे आणि एलसीतला मार्ग किती दिवसांत बदलून द्यायचा, हे करारात आधीच लिहून घे. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-विमा अवश्य उतरव, मात्र तो पूर्ण नुकसान भरून देत नाही, हे धरूनच हिशेब मांड.

आणि गोंधळ उसळला तर वसुलीसाठी आपल्या कोणालाही तिकडे धाडायचे नाही. तूही जायचे नाहीस. त्या दिवसांत तिथल्या माणसांची खुशाली आधी विचार, पैशांचा तगादा नंतर लाव.

पहिल्यांदा एकच कंटेनर पाठव, आणि त्याची रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय दुसरा भरू नकोस. एलसीचा मसुदा आला की होकार कळवण्यापूर्वी मला दाखव. आपल्या बँकेतून तो मी ओळीन्‌ओळ तपासून घेईन.

तुझे,
बाबा