बेसमेंटवाल्या काकांना

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चहा घे आधी’ म्हणून विषय बदलता.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या तुमच्या बेसमेंटमध्ये आमच्या हौशी बँडला जागा दिलीत, शेजाऱ्यांची समजूतही तुम्हीच काढलीत, त्याचे आभार आहेतच. पण खरे आभार ‘टिंटेड विंडोज’ या अमेरिकन बँडच्या सीडीबद्दल. ‘हॅन्सन’चा टेलर हॅन्सन गायला, ‘स्मॅशिंग पंपकिन्स’चा जेम्स इहा गिटारवर, ‘चीप ट्रिक’चा बन ई. कार्लोस ड्रमवर आणि बेसला ‘फाउंटन्स ऑफ वेन’चा ॲडम श्लेसिंजर. ही भेळ! 2009 मध्ये एकच अल्बम काढला आणि चौघे पुन्हा आपापल्या कामाला लागले. लोक त्याला पॉवर पॉप म्हणतात, म्हणजे जोरदार गिटारी आणि गोड चाली. मला विचाराल तर जीव बबलगमचाच, म्हणजे पोरांना आवडणाऱ्या सोप्या, गोड पॉप गाण्यांचा.

आमचा ड्रमर मात्र ‘पोरासोरांची गाणी’ म्हणून नाक मुरडायचा. तुम्ही वाद घातला नाहीत. आधी ‘आर्चीज’चं 1969 चं ‘शुगर, शुगर’ लावलंत. बँड कार्टूनमधला, गाणारा रॉन डान्टे पडद्याआड, आणि तरी गाणं चार आठवडे अमेरिकेत एक नंबरवर! मग रेकॉर्डची सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवलीत. ‘ऐक, गाणं अंतऱ्याची वाटच बघत नाही, थेट धृपदावर येतं.’ त्यानंतर ‘टिंटेड विंडोज’. गिटारी जाड, ड्रम दणदणीत, पण हिशोब तोच: चाल एका ऐकण्यात तोंडात बसली पाहिजे. त्या दिवसापासून तुम्ही ड्रमरला एकही जादा रोल मारू दिला नाहीत. तो चिडला, पण गाणी सुधारली.

एप्रिल 2020 मध्ये श्लेसिंजर कोविडनं गेला, 52 व्या वर्षी. वेन गावचं ते बागेतल्या कारंज्यांचं दुकान, ज्याच्यावरून त्याच्या ‘फाउंटन्स ऑफ वेन’ बँडचं नाव पडलं, ते आपल्या जर्सीतलंच होतं. त्यामुळे घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. इतकं मोकळं बोलताना तुम्हाला मी एरवी ऐकलेलं नाही.

आमचा बँडही फार टिकला नाही. ड्रमर नोकरीसाठी टेक्सासला गेला, गाणारीला बाळ झालं. चालायचंच.

तुमच्या नातीला बेस शिकवायचं मी कबूल केलंय. रविवारी दहाला येतो. पहिलं गाणं मात्र तीच निवडेल, तुम्ही मध्ये पडायचं नाही. काकूंना नमस्कार.

तुमचा,
बेसवाला