रेप्टनचे तेहतीस जण

डर्बी,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तू विचारलं होतंस, चार वाजताच अंधार पडायला लागल्यावर संध्याकाळी करतोस काय? व्हायकिंगांच्या चिमुकल्या मूर्ती रंगवतोय, टेबलावरच्या एका खेळासाठी. एकूण तेहतीस जण. पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे तुझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा एकेक माणूस. फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं, आणि मला ते दोन मिनिटांत संपवायचं नाही. म्हणून पत्र.

खेळाचं नाव सागा. २०११ साली आला. दोन टोळ्या टेबलावर समोरासमोर मांडायच्या, फासे टाकायचे, कुठला फासा कुठल्या हुकमासाठी वापरायचा ते ठरवायचं आणि पट्टीने अंतर मोजत माणसं पुढे न्यायची. मी चार गुणांची, म्हणजे चार पॉइंटांत बसेल अशी टोळी ठरवली आहे. सरदार फुकट मिळतो. एका गुणाला चार हर्डमन, म्हणजे सरदाराच्या पदरचे खासे लढवय्ये. एका गुणाला आठ बाँडी. हे मूळचे शेतकरी, स्वतःची ढाल-भाला घेऊन आलेले. आणि एका गुणाला बारा थ्रॉल, धनुष्य घेतलेले गुलाम. मी चार हर्डमन, सोळा बाँडी आणि बारा थ्रॉल घेतले. थ्रॉलांमुळे फासा मिळत नाही, त्यामुळे मुरलेले खेळाडू ते टाळतात असं इथले मित्र म्हणाले. तरी मी घेतले. छावणीत गुलाम होतेच, ते वगळून टोळी मांडणं मला पटेना.

कुठली छावणी, ते सांगतो. माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर रेप्टन नावाचं गाव आहे. ८६५ साली इंग्लंडमध्ये उतरलेली व्हायकिंगांची मोठी फौज ८७३च्या हिवाळ्यात तिथे मुक्कामाला राहिली. तेव्हा ट्रेंट नदी गावाला लागून वाहायची. मर्सिया ह्या तिथल्या जुन्या राज्याचे राजे जिथे पुरलेले, त्या चर्चलाच त्यांनी तटात घेतलं. तिथल्या राजाला, बर्गरेडला, गादी सोडून रोमला जावं लागलं. चर्चखालचं तळघर अजून जसंच्या तसं आहे. अरुंद दगडी पायऱ्या उतरून गेलं की चार पिळदार खांब, बुटकं छत आणि ओलसर गारवा. रविवारी दुपारी मी तिथे एकटाच होतो. बाराशे वर्षांपूर्वीची माणसं ह्याच खांबांना हात लावून उभी राहिली असतील, ह्या विचाराने मी बराच वेळ वर आलोच नाही.

चर्चला लागूनच १९७०-८०च्या दशकांत खणताना एक कबर सापडली. आतला माणूस पस्तिशी-चाळिशीतला. डोक्यावर घाव, मांडीवर खोल घाव. कमरेला तलवार, गळ्यात काचेचे दोन मणी आणि मध्ये थॉर देवाचा चांदीचा इवलासा हातोडा. मांड्यांच्या मध्ये रानडुकराचा सुळा ठेवलेला. शेजारी एक तरुण पोर, जेमतेम विशीचा. पुढे डीएनए तपासला तेव्हा निघालं की ते बाप-लेक होते.

तेव्हाच ठरलं, माझा सरदार हाच. आणि त्याच्या डावीकडे निशाण धरून उभा राहील तो त्याचा मुलगा. हर्डमनांपैकी एकाची दाढी मी पातीने खरवडून काढली, तो पोरगेला दिसावा म्हणून. बापाच्या गळ्यातला हातोडा साच्यात नव्हता, तो मी केला. ग्रीन स्टफ म्हणून एक पुट्टी मिळते, निळी आणि पिवळी वळी एकत्र मळली की हिरवी होते. तिचा मोहरीच्या निम्मा कण सुईच्या टोकावर घेऊन छातीवर बसवला, ओल्या सुईने दोन्ही बाजूंनी दाबला, वरची दांडी ओढून घेतली. पहिले तीन बिघडले. चौथा वाळल्यावर चांदीचा ठिपका दिला आणि भिंगातून पाहिलं. हातोडाच दिसत होता, सुध्या! मी बायकोला हाक मारून बोलावलं.

शिंगांचं तू विचारणारच. शिंगांची शिरस्त्राणं व्हायकिंग घालत नव्हते, ती त्यांच्या डोक्यावर चढवली १९व्या शतकातल्या रंगभूमीने. नॉर्वेत येर्मुनबू इथे १९४३ साली सापडलेलं त्या काळचं शिरस्त्राण गोल टोपीसारखं आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी कड. माझा सरदार तसलंच घालतो. बाँडींपैकी बहुतेकांची डोकी उघडीच ठेवली आहेत, लोखंड महाग होतं.

खरा विचार मी रंगांवर केला. बाजारातल्या चित्रांत व्हायकिंग म्हणजे सगळा काळा चामड्याचा मामला. पण यॉर्कला कॉपरगेटच्या खणकामात त्या काळच्या रंगाच्या वनस्पती मिळाल्या आहेत. लालसाठी मॅडर, निळ्यासाठी वोड. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण, आणि वोडमधून निघतो तो रंग निळीचाच. रंगवायला मजुरी लागते, पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं, म्हणजे गडद रंग ही श्रीमंती. त्यावरून मी नियमच करून टाकला. थ्रॉलांना न रंगवलेली लोकर, मेंढीच्या अंगावर असते तशी करडी, तपकिरी, मळकट पांढरी. बाँडींना एकदाच बुडवलेला फिका, विटकरीकडे झुकणारा लाल किंवा धुऊन उतरलेला निळा. हर्डमनांना भरदार लाल. आणि सरदाराचा झगा गर्द निळा, तो निळा बाकी कुणालाच नाही. लांबून टेबलाकडे पाहिलं तरी कोण कोणाचा, हे कळतं.

ढालींनी मात्र पंधरा दिवस खाल्ले. नॉर्वेत १८८० साली गोकस्टाडचं जहाज निघालं, त्यावर चौसष्ट ढाली होत्या. एका बाजूला बत्तीस, एक पिवळी, एक काळी, अशा ओळीने. ते जहाज ह्या छावणीच्या पंचवीसेक वर्षं पुढचं, पण माझ्या सोळा बाँडींना तेच रंग द्यायचे हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. खरी ढाल ९४ सेंटीमीटरची, माझी सोळा मिलिमीटरची. पिवळा रंग काळ्या प्रायमरवर, म्हणजे आधी मारलेल्या अस्तरावर, बसतच नाही, कितीही हात मारा, हिरवट डाग पडतात. म्हणून आधी मातकट तपकिरी, तो वाळला की गव्हाळ, मग पिवळा, तोही पाण्यात पातळ करून दोन हात. त्यानंतर फळ्यांच्या सांध्यांत तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडायचा आणि कडेला साचलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. काळी ढाल काळीच ठेवली तर डबकं दिसतं. तिच्या फळ्यांच्या कडांना निळसर राखाडी रेघ ओढली की लाकूड दिसायला लागतं. शेवटी मधली लोखंडी वाटी आणि कडेची कातडी शिवण. एक ढाल पूर्ण व्हायला पाऊण तास.

आणि मग गेल्या गुरुवारी आठ बाँडी घेऊन मी मागच्या अंगणात वार्निश मारायला गेलो. पाऊस थांबला होता, पण हवेत दमट गारवा होता. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, वार्निशचा फवारा मारला आणि सकाळी बघतो तर सगळ्यांवर पांढुरकं धुकं. ढालींचे रंग गेलेले, चेहरे मेणाचे. मी खाली बसलोच. दोन दिवस त्यांच्याकडे बघवेना. क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, चकचकीत वार्निशचा एक हात ब्रशने दे. दिला, आणि धुकं ओलं होऊन विरघळलं, खालचा पिवळा पुन्हा वर आला. आता मॅटचा हात घरातच, ब्रशनेच देणार.

एक गोष्ट मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेप्टनच्या आधीचा हिवाळा, ८७२-७३चा, ह्याच फौजेने ट्रेंटच्याच काठी टॉर्क्सीला काढला. तिथल्या शेतांत वजनं मिळाली, अरबी चांदीची नाणी मिळाली, आणि शिशाच्या सोंगट्या मिळाल्या, शेकड्यांनी. हिवाळाभर ते पट मांडून खेळत होते रे! आणि त्याच नदीकाठच्या नॉटिंगहॅममध्ये आज इतक्या कंपन्या सैनिकांच्या मूर्ती घडवतात की ह्या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात, पूर्वी त्या शिशाच्या असत म्हणून. हे वाचल्यापासून ब्रश हातात घेतला की मला त्या छावणीतला कुणीतरी आठवतो, शेकोटीपाशी शिसं वितळवून सोंगटी ओतणारा.

आता मुद्द्याचं. टोळी एकटीने लढत नाही. समोर सॅक्सन, म्हणजे त्या वेळचे इंग्लंडचे लोक, हवेत, आणि ते तू रंगवावेस असं मला फार वाटतं. किल्ल्यावरच्या मावळ्यांत एकाचा अंगरखा तू हळदीने पिवळा केला होतास, आठवतं? बाजारातून आणलेले सगळे एकसारखे लाल-हिरवे, आणि तो एकच वेगळा. मी दरवर्षी त्यालाच दरवाज्यावर उभा करायचो. तो हात मला सॅक्सनांवर हवा आहे.

ह्या पत्रासोबत आठ जण पाठवतोय, फिर्डचे, म्हणजे गावागावांतून बोलावलेल्या सॅक्सन फौजेचे. फ्रेमवरून सुटे केलेले आहेत, जोडायचे तू. प्रायमर पावसाळ्यात मारू नकोस, आत्ताची हवा उत्तम. रंग तुझे तू ठरव, फक्त गर्द निळा एकालाच दे. मी २० डिसेंबरला येतोय, तीन आठवडे आहे. माझे तेहतीस जण फोममध्ये बांधून हातातल्या बॅगेत आणतो. तुमच्या जेवणाच्या टेबलाची लांबी-रुंदी मोजून कळव, चार फूट बाय तीन फूट मोकळी जागा पुरे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या