पुडीतली गुडघ्याची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या मिस्टरांनी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये तीस वर्षे उभ्याने काम केले. गुडघे धरायला लागले तसे ते कामावरून येताना एका मेडिकलमधून ‘गुडघ्याची गोळी’ आणू लागले. चिठ्ठी नाही, बिल नाही. दुकानदार पाकीट कात्रीने कापून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. नाव आणि तारीख उरलेल्या तुकड्यावर राहायची. सकाळी एक, फारच ठणकले तर रात्री आणखी एक, अशी चार वर्षे गेली. यांना बीपी आहे हे दुकानदाराला माहीत होते. बीपीची गोळी तिथूनच तर येत होती!

गेल्या दिवाळीत पाय सुजले. बोटाने दाबले की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन 2.4 निघाले, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करत नव्हती. ‘आणखी कोणती गोळी घेता?’ डॉक्टरांनी विचारले. मी पर्समधली पुडी पुढे केली. गोळी पांढरी आहे, याच्यापलीकडे त्यांना तरी काय कळणार? मी मेडिकलमध्ये जाऊन पाकिटाचा उरलेला तुकडा मागून आणला, तेव्हा नाव वाचता आले : डायक्लोफिनॅक.

या गोळीने दुखणे थांबते, पण मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते, अंगात मीठ-पाणी साठते, बीपी चढते आणि बीपीच्या गोळीचा जोरही कमी पडतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार दिवस घेणे वेगळे. बीपी, शुगर असताना वर्षानुवर्षे घेणे वेगळे. हे औषध टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती, म्हणून 2006 साली आपल्या देशात ते जनावरांसाठी बंद केले गेले. माणसांसाठी ते चिठ्ठीशिवाय विकू नये, असे पाकिटावरच छापलेले असते.

चूक आमचीही आहे. बीपी नॉर्मल आले की हे बीपीची गोळी बंद करायचे आणि मी काही बोलायची नाही. शिवाय जेवणात खर्डा, लोणचे, पापड रोजचे. माणसी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही घरात चौघे आणि मिठाची किलोची पिशवी तीन आठवड्यांत संपायची. हिशेब केला तर माणसी जवळजवळ 12 ग्रॅम! आता तीच पिशवी दीड महिना पुरते. हे रोज सकाळी खुर्चीत बसून मांड्यांचे व्यायाम करतात, मग रंकाळ्यावर सावकाश फिरून येतात. गुडघे पूर्वीपेक्षा बरे आहेत. मूत्रपिंडाचे जे गेले ते परत येणार नाही, आहे तेवढे जपा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

अन्न व औषध प्रशासनाने ही सुट्ट्या गोळ्यांची विक्री तपासावी. डॉक्टरांनीही बीपी-शुगरच्या पेशंटला ‘गुडघ्याला, कंबरेला काय घेता?’ असे दर वेळी विचारावे. आणि मेडिकलवाल्या दादांना हात जोडून विनंती : चिठ्ठीवरची गोळी सुटी द्यावी लागलीच, तर पुडीवर पेनाने तिचे नाव तरी लिहून द्या.

– एक गृहिणी, शिवाजी पेठ, कोल्हापूर