चेंबरच्या खर्चाचा विषय स्वतःहून काढणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या पायाची मधुमेही जखम भरली त्याबद्दल तुमचे आभार ओपीडीत मानलेच होते. हे पत्र दुसऱ्या एका गोष्टीसाठी आहे, आणि इतरांनाही वाचता यावं म्हणून ते उघडपणे लिहितेय. हायपरबॅरिक ऑक्सिजनवर, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या उपचारावर, घातलेला पैसा कारणी लागेल का, हा विषय आम्ही विचारण्याआधी तुम्ही स्वतः काढलात. चेंबर तुमच्याच हॉस्पिटलचं असूनही. पेशंटच्या माणसांना हा प्रश्न विचारवत नाही. वडिलांचा पाय जाईल की राहील अशी वेळ आलेली असताना पैशाचं नाव कसं काढायचं, या संकोचापायी कितीतरी घरं कर्जात बुडतात.

आम्ही आलो ते 'आता चेंबर हाच उपाय' असं ऐकूनच. नेहमीच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनचा श्वास घ्यायचा, एका वेळी दीड-दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, अशा तीस-चाळीस सिटिंग. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन अनेक पटींनी वाढतो, हे तुम्हीही मान्य केलंत. पण लगेच म्हणालात, "तो जखमेपर्यंत पोचायला वाट मोकळी हवी."

मग जखमेशेजारच्या कातडीवर, तिथला ऑक्सिजन मोजणारा तो छोटा गरम सेन्सर चिकटवलात. बाबा निपचित पडलेले, आणि आम्ही सगळे स्क्रीनवरचा आकडा हळूहळू घसरताना बघतोय. ४० च्या खाली म्हणजे तिथे ऑक्सिजन अपुरा, असं तुम्ही सांगितलं होतं. बाबांचा आकडा त्याच्या बराच खाली जाऊन थांबला. म्हणून आधी पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, अँजिओप्लास्टी झाली, मेलेलं मांस काढलं, इन्फेक्शन आटोक्यात आणलं आणि पायावर भार येऊ नये म्हणून प्लास्टर घातलं. यातलं काही सुटलं असतं तर चेंबरचा सगळा पैसा वाया गेला असता, हे तेव्हा कळलं.

तुम्ही कागदावर मांडून दाखवलेला हिशेब मी जपून ठेवलाय. कॅनडातला २००८ चा अभ्यास: मधुमेही पायाच्या जखमेच्या एका पेशंटमागे बारा वर्षांचा खर्च चेंबर दिल्यास सुमारे ४०,७०० कॅनेडियन डॉलर, नुसत्या नेहमीच्या उपचारांनी सुमारे ४९,८००. म्हणजे महागडा उपचारच शेवटी स्वस्त. आमच्या भावाचा चेहरा तिथेच खुलला. पण तुम्ही पेन खाली ठेवलं नाहीत. चेंबरमुळे जास्त जखमा भरतात आणि कमी पाय कापावे लागतात, हे धरून चाललं तरच हे गणित जमतं, म्हणालात. आणि त्याखाली लिहिलंत: स्वीडन, २०१०, ९४ पेशंट, वर्षभरात जखम पूर्ण भरण्याचं प्रमाण ऑक्सिजन दिलेल्यांत ५२ टक्के, न दिलेल्यांत २९ टक्के. कॅनडा, २०१६, १०३ पेशंट, पाय कापण्याची गरज कमी झाल्याचं दिसलं नाही. नेदरलँड्स, २०१८, १२० पेशंट, जखम भरण्यात किंवा पाय वाचण्यात ठोस फरक नाही. याच अभ्यासात चेंबर मिळालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना ठरलेला कोर्सच पुरा करता आला नाही.

या शेवटच्या ओळीवर तुम्ही सगळ्यात जास्त बोललात, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. आजारी माणसाला रोज उठवून आणायचं, सोबत एकाने कामावर सुट्टी टाकायची, आणि कोर्स अर्धवट राहिला तर खर्च पुरा पण फायदा अपुरा. हॉस्पिटलच्या बिलात हे कुठेच दिसत नाही. आम्हाला कोण आणणार, कोण थांबणार, हे तुम्ही एकेकाला नावानिशी विचारलंत.

महिनाभर नीट उपचार होऊनही जखम तिथेच अडली, तेव्हाच तुम्ही चेंबरला होकार दिलात. अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजनाही मधुमेही पायाच्या जखमांपैकी हाडापर्यंत किंवा खोलवर पोचलेल्या जखमांनाच, आणि ३० दिवसांच्या योग्य उपचारांनी सुधारणा दिसली नाही तरच पैसे देते, हे तुमच्याकडूनच कळलं. चेंबरच्या आत पुन्हा सेन्सर लावला. आकडा २०० च्या वर गेला, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही आशा आहे असं म्हणालात. तरी थांबायचं कधी तेही आधीच ठरवलंत: ठरलेल्या तारखेला जखम मोजायची, आकार कमी झाला नसेल तर बंद. त्या दिवशी तुम्ही पट्टी लावून लांबी-रुंदी मोठ्याने वाचलीत आणि आधीचा आकडा शेजारी लिहिलात. जखम आकसली होती, म्हणून उरलेल्या सिटिंग केल्या.

चेंबरच्या सिस्टरांचेही आभार. आत शिरण्याआधी दर वेळी शुगर बघणं, कान दुखला की तिथेच दाब थांबवणं, अंगाला तेल किंवा खिशात फोन नाही ना याची खात्री करणं, यात त्यांनी एकदाही घाई केली नाही.

बाबा आता रोज रात्री पाय पुढे करतात आणि आम्ही टॉर्च लावून तळवे बघतो. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, हे तुमचं वाक्य घरात कुणी विसरलेलं नाही.

एक विनंती आहे. तो हिशेबाचा कागद मी बाबांचं नाव काढून स्वच्छ अक्षरात उतरवलाय. तुमची परवानगी असेल तर त्याच्या प्रती ओपीडीबाहेरच्या टेबलावर ठेवाव्यात असं वाटतं. छपाईचं आम्ही बघू.

आपली नम्र,
एका पेशंटची मुलगी