ग्रिफीला दहापैकी सहा

प्रिय वंदू,

निखिलने आपल्या ग्रिफीला परीक्षेला बसवलं आणि त्याला दहापैकी सहा मिळाले. या घरात हे दुःख कुणाला सांगण्याची सोय नाही. फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू फिस्सकन हसली असतीस, आणि एकदा तू हसायला लागलीस की माझं म्हणणं कायमचं बारगळतं. म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

तब्येती ठीक आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, अविनाशची साखर आटोक्यात आहे. पुढे.

साठावा वाढदिवस म्हणून निखिलला वाटलं मावशीला काहीतरी खास द्यावं. अविनाशला फितवून त्याने माझ्या नकळत अल्बममधल्या बेसबॉल कार्डांतून ग्रिफी काढला, ग्रेडिंगला पाठवला, आणि वाढदिवसाच्या दिवशी रंगीत कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. तू हा छंद सोडलास तेव्हा हे प्रकरण नव्हतं, म्हणून सांगते. कार्ड टपालाने पाठवायचं, पैसे भरायचे. तिथली माणसं कोपरे बघतात, कडा बघतात, पृष्ठभाग बघतात, चित्र चौकटीत नेमकं मधोमध छापलंय का तेही बघतात. म्हणजे छापखाना हलला तरी मार्क पोराचे कापतात. मग एक ते दहा असा आकडा देऊन जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये कार्ड बंद करतात, तेही असं की फोडल्याशिवाय उघडत नाही. याला स्लॅब म्हणतात. वर लेबल: १९८९, अप्पर डेक, केन ग्रिफी ज्युनियर, क्रमांक १. आणि तो सहा.

मी "अरे वा" म्हणाले. निखिल मात्र हिरमुसला होता. "मावशी, मला वाटलं होतं नऊ तरी येईल. डावीकडचा वरचा कोपरा गेलाय."

डावीकडचा वरचा कोपरा, वंदू.

लॉन्ड्रीच्या मशीनसाठी जमवलेली नाणी घालून आपण ते पाकीट घेतलं होतं. फोडायची पाळी माझी होती. तू आजतागायत ते कबूल केलेलं नाहीस, पण पाळी माझीच होती, कारण त्याच्या आधीचं पाकीट तू फोडलंस आणि त्यातलं बिली रिपकेनचं कार्डही तूच खिशात घातलंस. वॉशिंग मशीनवर बसून तू ते चकचकीत पाकीट फाडलंस, वरच तो हसरा पोरगा निघाला, मी हात घातला, तू ओढलंस. कोपरा आधीपासून तसाच होता असं तू म्हणतेस. तेव्हाही म्हणालीस, माझ्या लग्नातही म्हणालीस. आता तज्ज्ञांनी भिंगाखाली बघून निकाल दिलाय. बोट कुणाचं होतं ते लेबलवर लिहीत नाहीत एवढंच तुझं नशीब.

निखिलला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या लेखी ते एक खराब झालेलं कार्ड आहे, आणि खराब झालं नसतं तर बरे पैसे आले असते. त्याचंही चूक नाही, त्याने बाजाराचा चांगला अभ्यास केलाय. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मिकी मँटल कार्डाची गोष्ट त्यानेच मला सांगितली, जणू मला माहीतच नव्हती. तेव्हा न खपलेल्या कार्डांची खोकीच्या खोकी कंपनीच्या साय बर्गरने १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवली. उरलेल्यातला एक उत्तम मँटल २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेला. आपल्या वेळचं सगळं उलटं. कार्डांना किंमत येते हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं होतं. कंपन्यांनी बेसुमार छापली, लोकांनी बेसुमार जपली, आणि कुणीच काही न बुडवल्यामुळे सगळीच कवडीमोल झाली. ग्रिफी त्यातल्या त्यात तरला, पण ग्रेडिंगला गेलेल्या कार्डांत हे अगदी वरच्या रांगेत आहे, इतकी माणसं हेच कार्ड धाडून बसलीत. त्या गर्दीत सहावाल्याला कोण विचारतो?

पण माझी तक्रार पैशांची नाही. मला ते हातात घेता येत नाही. घेतलं तर डबी हातात येते. बँकेच्या खिडकीआडून बोलल्यासारखं वाटतं. आधी अल्बमच्या कप्प्यातून ते काढायचं, उलटं करायचं, मागचे आकडे वाचायचे, परत सरकवायचं, एवढाच माझा खेळ होता. आपण बेसबॉल शिकलोच मुळी कार्डांच्या पाठीवरून. मैदानावर काय चाललंय ते ओ की ठो कळत नसताना तू आरबीआय म्हणजे फलंदाजाच्या फटक्यावर आलेल्या धावा हे शोधून काढलंस आणि दोन दिवस माझ्यावर मास्तरकी केलीस. .३०० हा फलंदाजाचा उत्तम आकडा असतो हे तुला अजिबात पटलं नव्हतं. "दहापैकी सातदा बाद होणाऱ्याला आपल्याकडे संघातून काढतात!" असं तू डोरोथीबाईंना तावातावाने सांगितलं होतंस आणि त्या बिचाऱ्या भाड्याचं बोलायला आल्या होत्या.

ग्रिफीच्या पाठीवर तर मोठ्या लीगचा एकही आकडा नव्हता. एकोणीस वर्षांचं पोर, मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेलं, आणि अप्पर डेक कंपनीने आपल्या पहिल्याच संचातलं पहिलं कार्ड त्याला दिलं. डोक्यावरची मरिनर्सची, म्हणजे त्याच्या मोठ्या संघाची, टोपीसुद्धा खरी नव्हती. फोटो सॅन बर्नार्डिनोच्या धाकट्या संघातला, टोपी नंतर रंगवून बदललेली. हे मला फार पुढे कळलं आणि कार्ड आणखीच आवडायला लागलं. पुढच्याच वर्षी बाप आणि हा एकाच संघातून खेळले, १४ सप्टेंबर १९९० ला दोघांनी लागोपाठ होमरन मारले. तू तोवर गेली होतीस. मी टीव्हीपुढे एकटीच ओरडले आणि डोरोथीबाई धावत वर आल्या. कारकिर्दीत ६३० होमरन. २०१६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ४४० पैकी ४३७ मतं. उरलेले तिघे कोण असतील याचा विचार करताना मला नेहमी तुझी आठवण येते.

आता खरी गोष्ट. तो स्लॅब आल्यापासून माझी नजर बिघडली आहे.

निखिलने सोबत भिंगही दिलं होतं, दागिने तपासायचं असतं तसलं. मी सहज दुसरी कार्डं बघायला लागले. मग खेळण्यांच्या कपाटापर्यंत गेले. तुला माहीतच आहे, रविवारी सकाळी मऊ ब्रशने सगळ्यांची धूळ झटकायची आणि मग त्यांना नवीन ठिकाणी उभं करायचं हा माझा कार्यक्रम. केनर कंपनीच्या, स्टार वॉर्समधल्या पावणेचार इंचांच्या लिया आणि ल्यूकपुढे साडेपाच इंचांचा ही-मॅन म्हणजे राक्षसच, त्यामुळे तो नेहमी मागच्या रांगेत आणि नेहमी खलनायक. आरटू-डीटूचं डोकं फिरवलं की कटकट वाजतं, ते दोनदा वाजवल्याशिवाय मी त्याला खाली ठेवत नाही. मागच्या रविवारी मी ब्रश घेऊन बसले आणि काय दिसलं? आरटूचा स्टिकर पिवळा पडलाय. ही-मॅनच्या छातीवरचा रंग घासलाय, पायातलं रबर सैल झाल्यामुळे तो दारू प्यायल्यासारखा उभा राहतो. लियाच्या अंबाड्यावरचा रंग उडालाय. हे सगळं काल-परवा झालेलं नाही गं. वर्षानुवर्षं तसंच होतं. पण आधी मला लिया दिसायची, आता रंग उडालेला दिसतो. सगळ्यांना मनातल्या मनात आकडे देत सुटले आणि कुणालाही न हलवता कपाट बंद केलं.

अविनाश म्हणाला, "मग बरंय की, धूळ झटकायचा त्रास वाचला." त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

निखिलशी मात्र मी वाद घातला. त्याचं म्हणणं, खेळणी खोक्यातून काढायलाच नको होती. मी म्हटलं, खोक्याने काय होतं? जुन्या ट्रान्सफॉर्मर्सपैकी काहींचं सोनेरी कणांचं प्लास्टिक आपोआप ठिसूळ होतं आणि खोक्यातल्या खोक्यात त्याचा चुरा होतो, माणसाने बोटही न लावता. कार्डांच्या मेणकागदी पाकिटात च्युइंगगम तसाच राहिला तर त्याचा डाग शेजारच्या कार्डावर उमटतो. चकचकीत लेपाची नव्वदीतली कार्डं बंद पाकिटात एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना चित्रच सोलून निघतं. तो म्हणाला, "अपवाद आहेत हे मावशी." मग मी त्याला केनरचा १९७७ चा नाताळ सांगितला. बाहुल्या वेळेत तयार झाल्या नाहीत म्हणून कंपनीने जवळपास रिकामं पाकीट विकलं. आत चित्राचा पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र, ते पाठवलं की चार बाहुल्या पुढच्या वर्षी टपालाने घरी. ज्या मुलांनी ते पाठवलं त्यांना लिया मिळाली, आणि आज संग्राहक मान देतात तो न पाठवलेल्या प्रमाणपत्राला! हे ऐकून निखिल म्हणतो, "बघा, म्हणजे न वापरणंच बरोबर." मी काय सांगायला गेले आणि त्याने काय घेतलं.

मग मी बर्डिक काढला. तुझा आवडता कार्डसंग्राहक, जेफरसन बर्डिक. संधिवाताने आखडलेली बोटं, आणि त्या बोटांनी तो वर्षानुवर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बसून स्वतःचा तीन लाखांहून मोठा संग्रह वह्यांत डकवत होता. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. डकवत होता, वंदू! खळ लावून! आजच्या हिशेबाने त्याने तीस हजार बेसबॉल कार्डांची वाट लावली. होनस वॅग्नरचं दुर्मिळ कार्डसुद्धा त्यात आहे. आणि तरी आज सगळे जुन्या संचांना टी२०६ वगैरे जी नावं देतात ती त्याच्या यादीतली. दुसरीकडे त्याच वॅग्नर कार्डाची ती जगप्रसिद्ध प्रत, जिला आठ मार्क मिळाले होते, तिच्या कडा आपणच कापल्या होत्या हे लिलाववाल्याने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं. म्हणजे कात्री लावलेल्याला आठ आणि आपल्या पोराला सहा. हे ऐकून निखिल गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे, जेवायला उशीर होत होता म्हणून.

तुझं कसं चाललंय? मुक्ता नव्या नोकरीत रुळली का? आईंचं मोतीबिंदूचं झालं असेल, त्यांना नमस्कार सांग. घराचा रंग शेवटी कुठला ठरला? पिवळा नको म्हणून मी सांगितलं होतं, तू पिवळाच दिला असशील.

हं, तर स्लॅब. फोडता येतो. लोक बाजूने पक्कड लावून कोपरा कडकडून मोडतात आणि मग दोन्ही भाग उकलतात, जरा सांभाळून केलं तर कार्डाला धक्का लागत नाही. अविनाशने पक्कड काढूनसुद्धा दिली आहे, त्याला कधी एकदा हा विषय संपतो असं झालंय. निखिलला वाईट वाटेल, पैसे भरलेत त्याने, शिवाय पोराने प्रेमाने केलंय. पण त्याचं मी बघून घेईन. माझी अडचण वेगळी आहे. डबी फुटेल, सहा थोडाच फुटणार आहे? कप्प्यात सरकवताना तो कोपरा मला दिसणारच. आणि पूर्वी तो दिसला की मला तू मशीनवर बसलेली दिसायचीस, आता आकडा दिसला तर? हे खुळचट वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही, तुझ्याकडून मी ऐकून घेते.

शिवाय अर्धं कार्ड तुझं आहे. नाण्यांचा हिशेब मी कधीच नाकारलेला नाही, फक्त पाळीचा नाकारते. तेव्हा तुझ्या परवानगीशिवाय फोडणार नाही. एक मन म्हणतं तू इकडे आल्यावरच फोडावं, तुझ्या हाताने. दुसरं म्हणतं की तुझ्या हातात पुन्हा ते कार्ड द्यायचं म्हणजे दुसरा कोपरा गेलाच. मुक्ताला सुट्टी कधी आहे ते विचारून तारखा कळव, तिकिटं आधी काढलेली बरी.

तुझी,
शैला

ता. क. रिपकेन तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे. बॅटच्या मुठीवर काय लिहिलंय ते तू मला तेव्हा सांगितलं नाहीस, "तुझ्या वयाच्या मुलींनी वाचायचं नसतं" म्हणालीस, आणि आपण दोघी एकाच वर्षाच्या. ते कार्ड छापणाऱ्या फ्लीअर कंपनीने घाबरून पुढच्या छपाईत त्या शिवीवर कुठे काळा चौकोन मारला, कुठे खरडलं, कुठे पांढरं फासलं. आपला न झाकलेला होता. २००८ मध्ये रिपकेनने स्वतःच सांगितलं की सरावाची बॅट ओळखू यावी म्हणून ते त्यानेच लिहिलं होतं. येताना घेऊन ये. ग्रेडिंगला पाठवलास तर मैत्री संपली.