जनुकोपचार: मंजुरीनंतरची पंधरा वर्षे कोण सांभाळणार?

महोदय,

सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारावरील क्रिस्पर (जनुक ठरावीक जागी कापून बदलण्याचे तंत्र) उपचाराला 2023च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने परवानगी दिली. तेव्हापासून चर्चा आहे ती मंजुऱ्या लवकर कशा मिळतील याची. मंजुरीनंतर रुग्णावर लक्ष कोण ठेवणार, हे फारसे कोणी विचारत नाही. लोकांचा विश्वास टिकतो किंवा तुटतो तो इथेच.

गोळी बंद केली की औषध शरीरातून निघून जाते. जनुकोपचारात मात्र पेशीतले जनुक बदलतात किंवा नवे घालतात; पेशीत रुजलेले जनुक काढून घेता येत नाही. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर पॅरिसमध्ये 1999 साली चाचणी सुरू झाली. रेट्रोव्हायरस या, गुणसूत्रांत शिरणाऱ्या विषाणूमार्फत सोडलेल्या जनुकाने काम केले, मुले सुधारली. काही वर्षांनी त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. नवे जनुक पेशींच्या वाढीशी संबंधित एलएमओ2 या जनुकाजवळ जाऊन बसले होते आणि त्यामुळे एलएमओ2 भलत्या वेळी जागे झाले. वर्षभराच्या चाचणीत हे दिसलेच नसते. म्हणून गुणसूत्रांत शिरणाऱ्या वाहकांसाठी, म्हणजे जनुक पेशीत नेणाऱ्या अशा विषाणूंसाठी, अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए 15 वर्षांपर्यंत पाठपुरावा सुचवते.

पण हा खर्च तितकी वर्षे कोण करणार? ग्लायबेरा या जनुकोपचाराला युरोपात 2012 मध्ये परवाना मिळाला. रुग्णच मिळेनात, म्हणून कंपनीने 2017 मध्ये त्याचे नूतनीकरण केले नाही. उत्पादन बंद झाले तरी ज्यांनी उपचार घेतला, त्यांच्या पेशी तशाच राहतात. त्यामुळे पाठपुराव्याचा पूर्ण खर्च परवान्याआधीच स्वतंत्र निधीत भरून घ्यावा. रुग्णनोंदवही कंपनीकडे न ठेवता नियामकाकडे असावी. उपचारापूर्वीचा रक्तनमुना गोठवून ठेवावा. पुढे गाठ आढळली तर दोष उपचाराचा की आधीचाच, हे त्याशिवाय ठरवणे अवघड जाते.

दरवर्षी किती जणांवर उपचार झाले, यासोबत संपर्क तुटलेल्यांची संख्याही छापावी. आजारी पडलेले, दगावलेले बरेचदा याच गटात असतात. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी फसवी असते.

संमतिपत्राचेही तसेच. 1999 मध्येच अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. अशाच प्रयोगांत माकडे मेली होती, हे त्याच्या संमतिपत्रात नव्हते. प्राण्यांवरचे वाईट निष्कर्ष आणि संशोधकाचे कंपनीतील आर्थिक हितसंबंध पहिल्याच पानावर, रुग्णाच्या भाषेत लिहिणे सक्तीचे करावे.

— एक वाचक